एका गळालेल्या ‘अ’ची हकीकत

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरल्यामुळे अर्ध्यापर्यंतच वाकलो आहे. उरलेला अर्धा प्रत्यक्ष भेटीत पुरा करीन.) तुमच्या गुडघ्यांचं कसं काय? मामी फोनवर म्हणाल्या की उजवा आता बरा आहे, पण त्याचे एवढे लाड झालेले पाहून डावा दुखायला लागलाय. जिने टाळा, आणि माळ्यावरच्या वस्तू आपण स्वतःच काढायच्या हा हट्टही टाळा. मामींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालं हे ऐकून बरं वाटलं. नव्या डोळ्याने त्यांना घरातली वीस वर्षांची धूळ एकदम दिसू लागली आणि ती झाडायला तुम्ही सापडलात, हेही कळलं. आमच्याकडे सगळं ठीक. हिची बदली टळली. धाकटी बोलायला लागली आहे. सध्या तिला ‘नाही’ हा एकच शब्द येतो, त्यामुळे ती मोठेपणी शोधनिबंधांची परीक्षक होणार असं दिसतं.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतं, ‘तू त्या विद्यापीठात नक्की करतोस काय?’ मामा, हाच प्रश्न मला आमच्या विभागातही अधूनमधून विचारला जातो, पण तुमच्याइतक्या प्रेमाने नाही. आमच्या शास्त्राला संख्यात्मक विश्लेषण म्हणतात. शुद्ध गणितवाले ‘उत्तर आहे’ एवढं सिद्ध करतात आणि घरी जातात. ते उत्तर किती, हे काढायला मागे आम्ही उरतो. आमचं उत्तर नेहमी थोडं चुकतं. मात्र ते जास्तीत जास्त किती चुकलं असेल हे आम्ही छातीठोक सांगू शकतो. (विद्यापीठातल्या बाकीच्या विभागांना एवढंही सांगता येत नाही, पण तो विषय निराळा.) या विभागात मी नऊ वर्षं हंगामी आहे. हंगाम कुठला, ते अजून कळलेलं नाही.

याखेरीज मी एक वार्तापत्र चालवतो. दर सोमवारी सकाळी दहा वाजता आमच्या विषयातल्या चार हजार माणसांना मी एक ईमेल पाठवतो. त्यात परिषदा असतात, रिकाम्या जागा असतात, नवी मासिकं असतात आणि कधीमधी एखादी निधनवार्ता असते, जी सगळे आधी वाचतात. बारा वर्षं हे काम केल्यावर मला या मजकुराची भाषा येऊ लागली आहे. ‘अनेकांच्या आग्रहावरून निबंध पाठवण्याची मुदत वाढवली आहे’ म्हणजे अजून एकही निबंध आलेला नाही. ‘तरुण आणि उत्साही गटात सामील व्हा’ म्हणजे जुने सगळे कंटाळून सोडून गेले. परिषदा बहुतेक कुणाच्या तरी साठीनिमित्त असतात. एकाच्या साठीला दुसरा जातो, दुसऱ्याच्या साठीला तिसरा, आणि शेवटच्याची साठी उरकेपर्यंत पहिला पंच्याहत्तरीला येऊन पुन्हा उभा राहतो. नव्या मासिकांचं तर विचारूच नका. गेल्या महिन्यात एकाने सगळ्या चार हजारांना संपादक मंडळावर घेतलं. वाचक कोण राहणार, हे त्याने कळवलेलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या विभागात प्राध्यापकाची एक कायम जागा निघाली. कायम जागा आमच्याकडे धूमकेतूसारखी येते. पाहिलेली माणसं म्हातारी होतात आणि तरुणांना तिच्या गोष्टी सांगतात. (माझा स्वतःचा त्या जागेशी काडीचाही संबंध नाही, हे इथेच नमूद करतो. मी पडलो हंगामी. मी बरा की माझं वार्तापत्र बरं.) ही जागा कोणाला द्यायची हे विभागप्रमुखांनी, म्हणजे आमच्या मोठ्या सरांनी, जागा मंजूर होण्याच्या आधी दोन वर्षं ठरवून ठेवलं होतं. मोठे सर म्हणजे मोठंच प्रस्थ. त्यांच्या नावाची एक पद्धत आहे. (नाव त्यांनीच दिलं.) त्यांचा एक शिष्य आहे. त्याला आम्ही सगळे जावईबापू म्हणतो. सरांना मुलगी नाही, पण असती तर तिच्या नवऱ्याचे जेवढे लाड झाले असते तेवढे या शिष्याचे होतात. बिचारा स्वभावाने गरीब आहे. सरांची बॅग, सरांचा चष्मा आणि सरांची मतं, तिन्ही तोच सांभाळतो.

तर सरांनी जाहिरात लिहून माझ्याकडे पाठवली, कारण आमच्या विषयातल्या जागांची अधिकृत जाहिरात वार्तापत्रातच येते. तीन पानी. मामा, तुम्ही आयुष्यभर कारखान्यात साचे केलेत, पण माणसाच्या मापाचा इतका चपखल साचा तुम्हीही पाहिला नसेल. उमेदवाराचा प्रबंध ‘असममित मॅट्रिक्स’ या विषयावरच असावा. (मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा चौकोन. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारली आणि दोन्ही बाजूंचे आकडे आरशातल्यासारखे सारखे आले, तर तो सममित. नाही आले तर असममित. जावईबापूंचा असममित.) उमेदवाराला पाण्याच्या प्रवाहाच्या गणिताचा अनुभव असावा, कारण जावईबापूंच्या प्रबंधाच्या शीर्षकात ‘प्रवाह’ हा शब्द होता. किमान सात वर्षं त्याने एकाच ठिकाणी सलग काम केलेलं असावं. आणि कळस म्हणजे, किमान तीन शोधनिबंध ‘स्वीकृतीच्या प्रतीक्षेत’ असणं आवश्यक! जावईबापूंचा एकही निबंध अजून कुणी छापलेला नाही, ही उणीव सरांनी एका वाक्यात पात्रता करून टाकली. मी बारा वर्षांत अशा किती जाहिराती छापल्या असतील याचा हिशेब ठेवलेला नाही, पण हिच्याइतकी घट्ट शिवण मी पाहिली नव्हती. फक्त बुटाचा नंबर तेवढा लिहायचा राहिला होता. अर्ज करायला सोमवार सकाळ ते शुक्रवार दुपार एवढी भरघोस मुदत होती.

वार्तापत्राचा नियम असा, की कुठलीही जाहिरात दोनशे शब्दांच्या आत. नियम मीच केलेला आहे. मोठ्या सरांनाही तो लागू आहे, कारण लागू नाही असं त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. मी तीन पानं कापायला बसलो. ‘जागतिक कीर्तीचा’ उडवला, ‘प्रतिष्ठित’ चार ठिकाणी उडवला, ‘अत्यंत’ जिथे दिसला तिथे उडवला. असंच एक ‘अत्यंत’ माऊसने पकडून उडवताना त्याच्या शेपटाला लागून पुढच्या शब्दाचा ‘अ’ही गेला. असममितचं सममित झालं. दहा वाजले, बटण दाबलं, अंक गेला. मी डबा उघडून निवांत बसलो. सरांनी अंक वाचलाच नाही. आपण लिहिलेलं ते पुन्हा वाचत नाहीत, आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं पहिल्यांदाही वाचत नाहीत.

शुक्रवारपर्यंत सात अर्ज आले. पुढच्या आठवड्यात छाननी. आमचे हेडक्लार्क हा एक स्वतंत्र पत्राचा विषय आहे. एकतीस वर्षं नोकरी, आणि कुठलाही कागद वाचताना ओळीखाली स्टीलची पट्टी धरतात. गणिताचे शब्द समजावून सांगायला मला शेजारी बसवलं होतं, पण त्यांनी मला काहीच विचारलं नाही. शब्दाचा अर्थ कळला की निर्णयात घोळ होतो असं त्यांचं मत आहे. डाव्या हाताला जाहिरात, उजव्या हाताला अर्ज, आणि अक्षराला अक्षर लावून पाहायचं. जावईबापूंचा अर्ज आला. पट्टी ‘प्रबंधाचा विषय’ या ओळीवर थांबली, जाहिरातीवर गेली, परत आली.

“बाद,” हेडक्लार्क म्हणाले.

मला वाटलं मीच ऐकण्यात चुकलो. मी म्हटलं, “अहो, जागा यांच्यासाठीच आहे.”

“असेल. पण ह्यांचा विषय ‘अ’ने सुरू होतो. जाहिरातीतला ‘स’ने.”

तेव्हा मला कळलं, मामा. पायाखालची जमीन वगैरे म्हणतात ती सरकली. त्यानंतर सर आले, आणि त्यांचा आवाज खालच्या मजल्यावरच्या ग्रंथालयात ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसलेल्या लोकांनीही ऐकला. हा छपाईचा दोष आहे, शुद्धिपत्र काढा, फेरजाहिरात द्या! सगळे मिळून कुलसचिवांकडे गेले. कुलसचिव बाई शांत स्वभावाच्या आहेत. त्यांनी कपाटातून एक फाईल काढून सरांसमोर ठेवली. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका विभागाच्या जाहिरातीत एक स्वल्पविराम चुकला होता, आणि तेव्हा ‘जाहिरात छापली ती अंतिम, नंतर बदल नाही’ असा ठराव विद्वत्सभेत मंजूर झाला होता. ठराव मांडणारे मोठे सर. टाळ्याही त्यांनाच मिळाल्या होत्या. शिवाय महिनाअखेरपर्यंत जागा भरली नाही तर ती भूगोल विभागाकडे जाणार होती. भूगोलवाले टेप घेऊन त्या जागेच्या खोलीची मापं घेताना दिसूही लागले होते. सातांपैकी सहा अर्ज बाद, एक पात्र. सरांनी विचार केला असावा की त्या एकाला मुलाखतीत नापास करू, मग पुढचं पुढे.

तो एक म्हणजे एक बाई होत्या. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात अकरा वर्षं नोकरी. कुठल्या नळाला किती दाबाने पाणी जाईल हे गणिताने काढायचं, हे त्यांचं रोजचं काम. प्रबंध सममित मॅट्रिक्सवर. तीन निबंध चार वर्षांपूर्वी पाठवलेले, त्यांचं उत्तर नाही, म्हणजे तेही प्रतीक्षेत. सरांचा साचा त्यांना टाचणीएवढाही कुठे काचला नाही. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. आमचं वार्तापत्र त्या दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत वाचतात, हे नंतर कळलं.

मुलाखतीला इतिवृत्त लिहायला मी कोपऱ्यात होतो, त्यामुळे हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. लांब टेबलाच्या एका बाजूला पाच माणसं. मध्ये मोठे सर. टोकाला बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ, एक वाळकुडे म्हातारे गृहस्थ, ज्यांचा डोळा लागला होता. बाई अर्ध्या दिवसाची रजा काढून आल्या होत्या. गळ्यात खात्याचं ओळखपत्र तसंच. बुटांना चिखल.

सरांनी पहिला वार केला. “आपण अकरा वर्षं संशोधनापासून फार लांब आहात.”

“हो,” बाई म्हणाल्या, “पाण्याच्या जवळ होते.”

“आमच्या क्षेत्रात सध्या काय चाललंय याची कल्पना नसेल आपल्याला. माझी पद्धत, उदाहरणार्थ, ऐकली तरी आहे का?”

“ऐकली आहे ना. वापरली होती आम्ही.”

सरांचा चेहरा एकदम उजळला. आजवर त्यांची पद्धत कुणी वापरल्याचं त्यांच्याही ऐकिवात नव्हतं. “अस्सं! मग?”

“तिसऱ्या दिवशी बंद केली. टेकडीवरच्या टाकीत पाणी आपोआप चढतंय असं उत्तर यायचं. पंप न लावता.”

म्हाताऱ्या तज्ज्ञांनी डोळे उघडले. “मग तुम्ही काय केलंत?”

“आधी टेकडीवर जाऊन टाकी बघून आले. पाणी चढलेलं नव्हतं.”

मामा, मी इतिवृत्ताच्या कागदावर मान खाली घालून खोकल्याचं सोंग आणलं. सर म्हणाले, “आपण आकडे चुकीचे भरले असतील.” बाई उठल्या, फळ्यापाशी गेल्या. फार काही लिहिलं नाही, सहा ओळी. सरांच्या पद्धतीत चौथ्या पायरीला चूक निम्मी व्हायला हवी, ती तिथे दुप्पट होते. एका ठिकाणी वजाबाकीची खूण अधिक झाली आहे, एवढंच. हे सगळं त्यांनी घरातला फ्यूज दाखवावा इतक्या सहज दाखवलं. वर म्हणाल्या, “मी आपल्याला दोनदा लिहिलं होतं. दोन्ही वेळा उत्तर आलं, की आपण परिषदेला गेला आहात.” (एक परिषद या पद्धतीवरचीच होती. जाहिरात मीच छापली होती.)

सर फळा पुसायला उठले. तज्ज्ञ म्हणाले, “राहू द्या, राहू द्या, मला उतरवून घ्यायचंय.” आणि खरोखर खिशातून वही काढून उतरवून घेतलं. त्यानंतर बाईंना कुणी काही विचारलं नाही. तज्ज्ञांनी दहापैकी दहा गुण दिले, कुलसचिवांनी दिले, बाकीच्या दोघांनी तज्ज्ञांकडे बघून दिले. सरांनी दोन दिले. सर मला म्हणाले, “इतिवृत्तात ‘सखोल चर्चा झाली’ एवढंच लिही.” मी तेवढंच लिहिलं. फळा दोन दिवस कुणी पुसला नाही. येता-जाता लोक दारातून डोकावून ती अधिकची खूण बघून जायचे. भूगोलवालेही येऊन गेले.

बाई पहिल्या तारखेला रुजू झाल्या. आल्या आल्या त्यांनी मजल्यावरचा ठिबकणारा नळ बंद केला. तो नळ विभागात सहा वर्षं ठिबकत होता आणि त्यावर चार गणितज्ञांची समिती होती. विद्यार्थी त्यांच्या तासाला उभे राहून बसतात, म्हणजे बसायला जागा उरत नाही म्हणून. जावईबापूंची मला फार काळजी वाटत होती. एकदा जिन्यात गाठ पडली. म्हटलं आता हा रडणार. तर त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाला, “दादा, सुटलो! मला एका हवामान कंपनीत तीन वर्षांपासून बोलावताहेत. सरांना सांगायची हिंमतच होत नव्हती.” गेलासुद्धा. जाताना सरांची बॅग माझ्या टेबलावर ठेवून गेला. तेवढं एक मला आवडलं नाही.

तर असं झालं. एका अक्षरापायी एवढं रामायण. सरांनी रागाच्या भरात वर कुठेतरी तक्रार केली आहे आणि वार्तापत्राच्या संपादकाने ‘हेतुपुरस्सर’ वगैरे काही केलं का, हे बघायला एक किरकोळ चौकशी समिती नेमली आहे म्हणे. आपण कशाला काळजी करायची? माणसाच्या हातून अक्षर गळतं. चूक काय मर्यादेत आहे ते सांगता आलं की झालं, हाच तर आमचा धंदा. गळालेल्या एका ‘अ’ने शहरातल्या चांगल्या बाई विद्यापीठात आल्या आणि विद्यापीठातला चांगला मुलगा शहरात गेला. यात कुणाचा दोष असेल तर तो माऊसचा.

मामींना नमस्कार. जिने टाळा.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. – गुडघ्याला लावायचं मलम सोबत पाठवत आहे. हिच्या मैत्रिणीने सुचवलंय. वास उग्र आहे, पण मामींना मोतीबिंदू झाला होता, सर्दी नाही, तेव्हा बेताने लावा.

ता. क. २ – सहज आठवलं म्हणून लिहितो. त्या चौकशी समितीचे अध्यक्ष म्हणजे तुमच्याशी रोज संध्याकाळी बागेत बुद्धिबळ खेळणारे निवृत्त न्यायाधीश. हे पत्र तुम्ही पटाशेजारी ठेवून पाणी प्यायला वगैरे उठलात, आणि तेवढ्यात त्यांनी ते वाचलं, तर त्यात तुमचा काय दोष? पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. त्यांची नजर कमी झाली असं तुम्हीच म्हणाला होतात.

ता. क. ३ – हे पान वेगळं आहे. पटाशेजारी ठेवण्याआधी काढून घ्या. वर जिथे जिथे ‘गळालेला’ असं लिहिलंय तिथे तुमच्यापुरतं ‘गाळलेला’ असं वाचा. शुद्धिपत्र समजा. म्हणजे पहिल्यांदा तो माऊसनेच गेला, हे अगदी खरं आहे. पण दहाला पाच मिनिटं असताना मी ती ओळ पुन्हा वाचली होती. ‘अ’ परत टाकायला एक सेकंद पुरला असता. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि दहा वाजण्याची वाट पाहिली.

ता. क. ४ – खरं तर हे सांगायलाच पत्र लिहायला घेतलं होतं. सात अर्ज आले होते ना, त्यातला पाचवा माझा. सममित हा माझाच विषय, मामा. पाण्याशी माझा संबंध आंघोळीपुरता, म्हणून हेडक्लार्कांनी तो माझ्यासमोरच बाद केला आणि एकदाही वर पाहिलं नाही. सभ्य माणूस. पण अर्ज फाईलमध्ये आहे, आणि ती फाईल मंगळवारी न्यायाधीश साहेबांकडे जाणार आहे. तेव्हा एवढं करा. सोमवारपर्यंत त्यांच्याशी एकही डाव जिंकू नका.